‘अडचण आली की फोन कर’ एवढ्यावर रुजू होऊ नका

फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), स्पीच थेरपिस्ट, तुम्ही कोणीही असा. पुण्यातून आंबेगाव, जुन्नर, भोर, राजगड (पूर्वीचा वेल्हे) अशा तालुक्यांत लहान मुलांसाठी काम करायला निघाला असाल तर ऑर्डर हातात घेताना एक विचारा: माझ्या केसेस दर आठवड्याला कोण बघणार? पगार, प्रवासभत्ता, राहायची सोय हे तुम्ही विचारालच. मीही विचारलं होतं. हे मात्र विचारलं नव्हतं.

मी फिजिओ म्हणून रुजू झाले तेव्हा इंटर्नशिप संपून सात महिने झाले होते. वाकडेवाडीहून सकाळची एसटी, मंचर, घोडेगाव आणि पुढे डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्या. संस्थेतल्या वरिष्ठ पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “अडचण आली की फोन कर, केव्हाही.” मला फार धीर आला. त्या मनापासून बोलल्या होत्या आणि मी केलेला प्रत्येक फोन त्यांनी उचलला.

दुसऱ्या महिन्यात पाच वर्षांचा एक मुलगा आला. आरबीएसकेच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, पथकाने अंगणवाडीच्या तपासणीत त्याला शोधून काढलं होतं. त्या पथकात दोन आयुष डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट असतात, फिजिओ नसतो. त्यामुळे मूल आपल्याकडे आलं की आपलं चुकतंय हे सांगणारं तिथे कोणी नसतं. मुलगा उशिरा चालायला लागलेला, सारखा पडायचा, चवड्यांवर चालायचा. पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या. मांड्या आणि कंबर कमजोर वाटली, म्हणून मी ताकद वाढवायचे व्यायाम दिले: उठाबशा आणि पायरीवर चढ-उतार, दहा-दहाचे तीन सेट. आईला शिकवले, अंगणवाडीच्या ताईंना शिकवले. दोघींनी एक दिवस चुकवला नाही. चार महिन्यांनी आई म्हणाली, “मॅडम, आता उठताना मांड्यांवर हात रेटत उठतो.” मी ‘प्रगती’च्या रकान्यात लिहिलं: हाताच्या आधाराने स्वतःहून उठतो.

फिजिओ शिकलेल्यांना वाचतानाच कळलं असेल. मुलगा, वय पाच, भरलेल्या पोटऱ्या, आणि मांड्यांवर हात रेटत उठणं, म्हणजेच गॉवर्स साइन. परीक्षेत विचारलं असतं तर मीही ड्युशेन (स्नायू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार) लिहून पूर्ण मार्क घेतले असते.

ते कळलं योगायोगाने. त्याच्या स्प्लिंटबद्दल, म्हणजे पायाच्या आधारपट्टीबद्दल, विचारायला मी कॉलेजातल्या एका मॅडमना व्हिडिओ दाखवला. दहाव्या सेकंदाला त्यांनी तो थांबवला आणि विचारलं, “सीपीके केलंय?” साधी रक्ताची तपासणी. आकडा हजारांत आला, पुढे जनुकीय तपासणीत निदान पक्कं झालं. या आजारात स्नायूंच्या आवरणाला धरून ठेवणारं डिस्ट्रोफिन प्रथिन तयार होत नाही. भार घेऊन ताणल्या जाणाऱ्या स्नायूला त्यामुळे सगळ्यात जास्त इजा होते. हळू खाली बसणं, पायरी उतरणं, म्हणजे मी मोजून करून घेत होते तेच. शिवाय त्या मुलाची आई दुसऱ्या मुलाचा विचार करत होती. आई या जनुकीय दोषाची वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी असते. जनुकीय समुपदेशन तिला चार महिने आधी मिळायला हवं होतं.

आता मला जे सांगायचंय ते नीट वाचा. मी फोन का केला नाही? लाज वाटली म्हणून नाही, रेंज नव्हती म्हणूनही नाही. मला अडचण आलीच नव्हती! मूल रडतंय, स्प्लिंट टोचतंय, आई येत नाही, अशा गोष्टींसाठी मी भरपूर फोन केले. पण जिथे मी चुकत होते तिथे माझी खात्री होती. ‘अडचण आली की’ म्हणणाऱ्याने अडचण ओळखायचं काम तुमच्यावरच टाकलेलं असतं आणि नवख्याला नेमकं तेच येत नसतं. म्हणून कोणती केस दाखवायची हे तुमच्या मर्जीवर राहायला नको. वार ठरवा, वेळ ठरवा, नोंदवहीतली नावं ओळीने घ्या. छान चाललेली केसही, किंबहुना तीच आधी. माझा गुरुवार दुपारी तीन ते चार असतो, दर वेळी पुढची पाच नावं. व्हिडिओ आईवडिलांना विचारूनच काढायचा आणि फक्त त्या व्यक्तीला दाखवायचा.

व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे सुपरविजन नव्हे. तिथे आपण यशाचे फोटो टाकतो आणि लोक अंगठे देतात. दोन दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सवर पहिल्या वर्षी पैसे घालू नका. मी घातले, त्यात हे कुठेच नव्हतं. मोठ्या नावाचा मेंटॉरही शोधू नका. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या नामवंतापेक्षा दर आठवड्याला तासभर बसणारी, तुमच्यापेक्षा चार वर्षं पुढची सीनियर बरी. ती तुमच्याच विषयाची हवी. प्रकल्प समन्वयक कितीही भला असला तरी तो तुमची तपासणी तपासू शकत नाही.

संस्था हा तास द्यायला तयार नसेल तर पहिली दोन वर्षं एकटीने ती जागा घेऊ नका. स्पष्टच सांगते, नका घेऊ. संस्था चालवणारे कोणी वाचत असतील तर त्यांनी हा तास कामाच्या वेळेत धरावा आणि मासिक अहवालात व्हिजिटच्या आकड्याशेजारी त्यालाही रकाना द्यावा.

आणि तुम्ही आधीच रुजू झाला असाल, हे वाचून पोटात गोळा आला असेल, तर आज संध्याकाळी आपल्या एखाद्या शिक्षकांना फोन करा. मी घाबरत केला होता. मॅडम रागावल्या नाहीत, म्हणाल्या, “पुढच्या गुरुवारी उरलेल्या घेऊन बस.” उरलेल्या बावीस केसेसपैकी दोघांचे व्यायाम बदलले, बाकीचं ठीक होतं.

तो मुलगा आता रात्रीचे स्प्लिंट घालतो, हलके ताण देणारे व्यायाम करतो, औषधांसाठी पुण्याला येतो. निदान सांगायला गेले तेव्हा आईने विचारलं, “मग मी त्याला रोज उठाबशा काढायला लावल्या, त्याचं काय?” त्या मी सांगितल्या होत्या, चूक माझी आहे, असं मी तिला म्हटलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “हे ताईंनाही सांगून जा. त्याच मोजायच्या.”

मी अंगणवाडीत गेले आणि ताईंना सांगितलं.