स्ट्रासबर्गला अर्ज करण्याआधी देशातले कायदेशीर उपाय कसे संपवावेत

जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला तिथल्या सरकारविरुद्ध स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात जाता येतं. त्यासाठी तिथलं नागरिकत्व लागत नाही. फी नाही, अर्ज करताना वकीलही सक्तीचा नाही. तरी बहुतेक अर्ज सुनावणीआधीच निकालात निघतात. त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे युरोपीय मानवाधिकार कराराचं कलम ३५: आधी देशातले उपाय संपवा, मग या.

१. हक्काचा मुद्दा पहिल्याच कोर्टात मांडा.
लोक इथेच फसतात. समजा, पत्नीचा निवास परवाना नाकारला गेला. तुम्ही वरपर्यंत एवढंच भांडलात की कागदपत्रं पूर्ण होती. मग स्ट्रासबर्गला जाऊन ‘माझ्या कौटुंबिक जीवनाच्या हक्कावर घाला आला’ म्हणालात, तर ते ऐकलं जाणार नाही, कारण देशातल्या न्यायाधीशांपुढे तो मुद्दा आलाच नव्हता. कलमाचा आकडा लिहायलाच हवा असं नाही, आशय पुरतो. पण ‘कलम ८’ (करारातलं कौटुंबिक जीवनाच्या हक्काचं कलम) लिहायला काय जातं? सरळ लिहून टाका.

२. शेवटच्या पायरीपर्यंत जा.
जर्मनीत नेहमीची कोर्टं झाली की कार्ल्सरुहच्या संघीय घटनात्मक न्यायालयात तक्रार करावी लागते, आणि तिची मुदत जेमतेम एक महिना. अनेकांना वाटतं, अपील फेटाळलं, झालं. तसं नसतं. ‘जिंकायची आशा नव्हती’ ही सबबही चालत नाही. नुसती शंका पुरेशी नाही, असं स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने वारंवार सांगितलंय. अपिलाची मुदत तुमच्या चुकीने हुकली, तर तो उपाय संपवला असं धरत नाहीत.

३. कुठे थांबता येतं?
जो उपाय प्रत्यक्षात दिलासा देऊ शकत नाही, तो वापरायची सक्ती नाही. तुर्कस्तानातल्या अकदिवार खटल्यात (१९९६) सुरक्षा दलांनी घरं जाळल्याची गावकऱ्यांची तक्रार होती. आग्नेय तुर्कस्तानातली तेव्हाची परिस्थिती पाहून, देशातल्या कोर्टात न जाता आलेला त्यांचा अर्ज न्यायालयाने स्वीकारला. ब्रिटनमधल्या बर्डन भगिनींचा वाद वारसा कराचा होता. तिथलं कोर्ट फार तर ‘कायदा कराराशी विसंगत आहे’ एवढंच जाहीर करू शकलं असतं, सरकारवर त्याचं बंधन नव्हतं. म्हणून देशात खटला न लढताही त्यांचा अर्ज दाखल झाला. २००८ मध्ये मुख्य मुद्द्यावर मात्र त्या हरल्या.

लोकपालाकडे तक्रार, दयेचा अर्ज, निकाल पुन्हा उघडण्याची विनंती, हे उपाय सहसा मोजले जात नाहीत. त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसलात तर पुढची मुदत गेलीच म्हणून समजा.

४. चार महिने मोजा.
स्ट्रासबर्गला अर्ज करायला पूर्वी सहा महिने मिळत. १ फेब्रुवारी २०२२ पासून देशातल्या अंतिम निकालानंतर चारच. शेवटचा दिवस रविवारी आला तरी सवलत नाही. ठरलेला फॉर्म पूर्ण भरून, सही करून, मूळ प्रत टपालाने पाठवायची. टपालाच्या शिक्क्याची तारीख धरतात. अर्धवट फॉर्मने मुदत थांबत नाही. सगळ्या निकालांच्या आणि तुमच्या अपिलांच्या प्रती जोडा, कारण मुद्दा मांडला होता याचा पुरावा त्यातच असतो. फॉर्ममध्ये एक प्रश्न सरळ विचारलेला आहे: न वापरलेला एखादा उपाय होता का? असेल तर लपवू नका, का वापरला नाही ते लिहा.

५. आणि भारतात?
नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला, पण वैयक्तिक तक्रारींचा जोड-करार स्वीकारलेला नाही. त्यामुळे उच्च न्यायालय (कलम २२६) आणि सर्वोच्च न्यायालय (कलम ३२) संपवूनही संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे भारताविरुद्ध तक्रार करता येत नाही. मनमानी अटकेविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाकडे मात्र लिहिता येतं. तो देशातले उपाय संपवण्याची अट घालत नाही, म्हणजे हायकोर्टात जामीन अर्ज प्रलंबित असतानाही तिथे पत्र पाठवता येतं.