पिकअपला तेलाचा डबा लावावा का? आधी झाकण उलटं ठेवून बघा

दिवाळीच्या आधी माझ्या पिकअपच्या इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा, खालचा होज काढला, तर आतून अर्धी वाटी काळं तेल गळालं. गाडी 2018 ची, अडीच लिटरचं टर्बो डिझेल. अडावदच्या मळ्यांतून केळी भरायची, चोपडा-शिरपूर करत बिजासन घाट चढायचा आणि सेंधव्याच्या पुढे माल उतरवायचा, हा तिचा धंदा. तेल बघून मी त्याच आठवड्यात कॅच कॅन, म्हणजे आमच्या भाषेत तेलाचा डबा, लावून घेतला. घाई केली. ती कशी महागात पडली ते पुढे सांगतो, आधी डब्याचं काम समजून घ्या.

इंजिन कितीही नवं असो, पिस्टनच्या रिंगांशेजारून थोडा गॅस खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच. मिस्तरी लोक याला इंजिन बॅक मारतंय म्हणतात. तो गॅस कोंडला तर ऑइल सील फुटतील, म्हणून टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून, ब्रीदर पाइप काढून टर्बोच्या तोंडाशी, एअर फिल्टरच्या पुढे जोडलेला असतो. गॅससोबत तेलाचं धुकंही जातं. टर्बोतून इंटरकूलरमध्ये, तिथून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाइपात. तिथे ईजीआरमधून, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या वाटेतून, आलेली काजळी वाट बघत असतेच. काजळी आणि तेल मिळून डांबरासारखा थर चढतो, हवेची वाट बारीक होते आणि घाटात गाडी दम टाकते. डबा या ब्रीदर पाइपच्या मध्ये बसतो. आतल्या जाळीवर धुकं आदळतं, थेंब होऊन खाली साचतं आणि गॅस पुढे जातो. एवढंच त्याचं काम. तो रिंगा दुरुस्त करत नाही, मायलेज वाढवत नाही, मॅनिफोल्डमध्ये आधीच बसलेला थर काढत नाही. आणि इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा नुसता ओलसर हात असेल, तर ते कोणत्याही टर्बो डिझेलमध्ये असतंच. घाबरायचं ते तेल ओतल्यासारखं पडलं तर.

आमचे मिस्तरी नाना मूळचे अमळनेरकडचे, अहिराणीशिवाय बोलत नाहीत. मी डबा दाखवला तर म्हणाले, "पहिले गाडीनी तब्येत देख, मंग दागिना चढाव."

तब्येत अशी बघायची. इंजिन गरम करा, न्यूट्रलला आयडलवर ठेवा. तेल भरायचं झाकण सोडवून त्याच भोकावर उलटं ठेवा. झाकण नुसतं थरथरलं तर ठीक. नाचून खाली पडलं, आणि भोकातून किटलीसारखा धूर भकभक येत असेल, तर रिंगा-लायनर झिजल्याची शंका घ्या आणि कॉम्प्रेशन मोजून घ्या. अशा इंजिनला डबा लावणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. काही इंजिनात झाकणाखालीच रॉकर फिरतात आणि तेल उडतं, तिथे या परीक्षेवर एकट्यावर भरवसा ठेवू नका.

मग डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी. आपल्याकडे ऑइल बदलताना "थोडं जास्तच टाक, घाट चढायचाय" म्हणणारे खूप. वरच्या खुणेच्या वर तेल गेलं की क्रँक ते घुसळतो आणि ब्रीदरमधून जास्त तेल बाहेर पडतं. माझ्या गाडीत निम्मा घोळ हाच होता.

तिसरा एअर फिल्टर. एप्रिल-मेमध्ये मळ्यातल्या रस्त्यावर काळ्या मातीचा भुगा मैद्यासारखा उडतो. फिल्टर तुंबला की टर्बो हवा ओढायला जोर लावतो आणि तोच जोर ब्रीदरमधून तेल खेचतो. पंक्चरवाल्याकडे हवेच्या नळीने फिल्टर झाडायची आपल्याला सवय आहे. जवळून मारलेल्या हवेने कागदाला बारीक भोकं पडतात, मग धूळ थेट रिंगा घासते. फिल्टर बदलायचा, झाडत बसायचं नाही.

एवढं सगळं ठीक असूनही तेल येत असेल, गाडी टर्बो डिझेल असेल, ओझं वाहत असेल आणि वॉरंटी संपली असेल, तर लावा. एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 गाडी वॉरंटीत असेल तर मी हात लावणार नाही. पुढे काही बिघडलं की बोट पहिलं त्या डब्याकडे जाणार. साध्या पेट्रोल गाडीत, जिथे पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागेच फवारलं जातं, तिथे पेट्रोलच व्हॉल्व्ह धूत राहतं. तिथे पैसे घालू नका.

आता माझी घाई. मी स्वस्तातला डबा घेतला. उघडून बघितलाच नाही, आत जाळी नव्हती, नुसता पोकळ पत्रा. बसवणाऱ्याने होज लावला रेडिएटरचा. पाण्याचं रबर तेलात फुगतं आणि मऊ पडतं. दीड महिन्यात बिजासन घाटात, भरल्या गाडीत, तो होज वळणावर चपटा झाला. गॅसला वाट उरली नाही. डिपस्टिक वर उचलली गेली आणि अर्धं बॉनेट तेलाने माखलं. पाचशे रुपये वाचवले होते.

म्हणून होज तेलाचाच घ्या, नायट्राइल रबरचा, आणि आतला व्यास कंपनीच्या पाइपाएवढाच ठेवा. मोजून घ्या, डोळ्याने नको. बारीक चालणार नाही. डब्याची दोन तोंडं सारखी दिसतात, पण टॅपेट कव्हरकडचा पाइप आत जायच्या तोंडालाच लावायचा. उलटं लागलं तर जाळी फुकट जाते. डबा टर्बो आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, हवा लागेल अशा जागी, बॉडीच्या पत्र्याला ब्रॅकेटने घट्ट बसवा. गरम डब्यात धुकं थेंब होत नाही, तसंच पुढे निघून जातं. इंजिन हलतं आणि बॉडी हलत नाही, म्हणून होजला थोडी ढील द्या, पण झोळ नको, झोळात पाणी साचतं. काही जण टर्बोकडचं तोंड बंद करून डब्यावर छोटा फिल्टर लावतात आणि गॅस बाहेर सोडतात. केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास येतो, शिवाय प्रदूषणाच्या नियमात ते बसत नाही.

रिकामा करायला विसरणारा माणूस असाल तर लावूच नका. भरलेल्या डब्यातलं तेल टर्बोने एकदम ओढलं, तर डिझेल इंजिन त्या तेलावरच पळत सुटतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण त्याला डिझेल लागतच नसतं. तसं झालं तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाका, ब्रेक दाबून धरा आणि क्लच सोडा, इंजिन दबून बंद पडेल. हवेच्या तोंडावर फळी दाबूनही थांबतं. फळीऐवजी हाताने तोंड दाबू नका. आणि नंतर पुन्हा स्टार्टर मारू नका.

सुरुवातीला दर हजार किलोमीटरला उघडून बघा, मग तुमच्या गाडीचा अंदाज येतो. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः मळा ते गोडाऊन अशा छोट्या फेऱ्या झाल्या की आतून ताकात हळद कालवल्यासारखं पिवळट काही निघेल. इंजिन पुरतं तापत नाही, वाफेचं पाणी तेलात मिसळतं, त्याचं ते. कूलंट कमी होत नसेल तर हेड गॅस्केट फुटून पाणी तेलात आल्याची काळजी नको. काढलेलं तेल परत इंजिनात ओतायचं नाही, बांधावरही नाही. मी जुन्या ऑइलच्या कॅनमध्ये साठवून गॅरेजवर देतो.

नानांनी सांगितलं म्हणून डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर आणि किती तेल निघालं. माझ्याकडे दोन हजाराला साधारण दोन-तीन चमचे निघतं. मार्चअखेर एकदम चहाचा अर्धा कप निघालं. टर्बो गेला असं वाटून रात्रभर झोप नाही. सकाळी एअर फिल्टर उघडला तर काळ्या मातीने गच्च, आणि कोपऱ्यात केळीच्या वाळलेल्या पानाचा चुरा. नवा घातला. पुढच्या खेपेला पुन्हा तीन चमचे.