साडेचार हजार वर्षांपूर्वीची वांग्याची भाजी कशी करावी

हडप्पा संस्कृतीची लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही, म्हणजे तिथली लिहिलेली पाककृती मिळण्याचा प्रश्नच नाही. खरकटं मात्र मिळालं आहे. हरियाणातल्या फरमाणा इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. तिथल्या मडक्यांना आणि माणसांच्या दातांना चिकटून राहिलेले स्टार्चचे कण अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी तपासले, तर त्यात हळद, आलं आणि वांगं निघालं. त्या आधारावर भाजी करता येते.

आधी ओटा रिकामा करा. मिरची, टोमॅटो, बटाटा ही सगळी अमेरिकेतली पिकं, १६व्या शतकापासून पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर इकडे आली. शेंगदाणाही तिकडचाच, त्यामुळे दाण्याचं कूट बाद. भरल्या वांग्यावर वाढलेल्या माणसाला हे मिरचीपेक्षा जड जातं! त्याऐवजी भाजलेल्या तिळाचं कूट घ्या. हडप्पा इथे जळालेले तीळ सापडलेत, म्हणून तेलही तिळाचंच. गोडा मसाला आणि चिंच-गूळही आज डब्यातच राहू दे.

पाव किलो छोटी वांगी, इंचभर आलं, ओल्या हळदीचा तेवढाच तुकडा, आंबोशीच्या चार-पाच फोडी, तीन चमचे तेल, दोन चमचे तिळाचं कूट आणि मीठ. ओली हळद थंडीत मिळते आणि कैरी उन्हाळ्यात, म्हणून आंबोशी. ती आधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. ओली हळद नसेल तर अर्धा चमचा हळदपूड चालेल.

आलं आणि हळद पाट्यावर किंवा खलबत्त्यात ठेचा. मिक्सरमध्ये पाणी घालून वाटलं की गंधासारखं गुळगुळीत होतं, ते नको. थोडे धागे राहू देत. मातीचं भांडं नवं असेल तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सुरुवातीपासून आच मंदच ठेवा. तेल तापलं की ठेचा परता. कच्चा उग्र वास जाऊन तेल पिवळंधमक झालं की चिरलेली वांगी, मीठ आणि भिजलेली आंबोशी पाण्यासकट घाला. पाणी आणखी लागलं तर गरमच. तापल्या मडक्यात गार पाणी पडलं की तडा गेलाच म्हणून समजा. झाकण ठेवून वीसेक मिनिटं शिजवा, शेवटी कूट पेरा.

सोबत जवाची भाकरी. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून चांगलं मळा आणि लहान, जाडसर थापा. कडा चिरतात, चिरू देत.

हे लोक शाकाहारी होते असं मात्र समजू नका. मडक्यांमध्ये मुरलेल्या चरबीचा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जनावरांच्या चरबीचे भरपूर अंश होते. घरी मटण चालत असेल तर हाच ठेचा त्यालाही लावा, फक्त वेळ जास्त द्या. पिण्यासाठी ताक ठेवायला हरकत नाही, कारण कच्छमधल्या कोटडा भादलीच्या भांड्यांमध्ये दुधाचे अंश सापडले आहेत.

भाजी सौम्य लागते, आल्याचा झणका सोडला तर तिखट काहीच नाही. पानात मिरचीचा ठेचा वाढायचाच असेल तर आधी दोन घास तसेच खायला लावा. उरलेली भाजी मडक्यात ठेवू नका, आंबटपणा मातीत मुरतो आणि पुढच्या पदार्थात उतरतो.