पहिली क्रूझ: या चुका टाळा, जहाज कसारा घाटासाठी थांबत नाही

आमच्या सोसायटीत क्रूझला सगळ्यांत आधी आम्ही गेलो, तिथेच माझं चुकलं. तेव्हापासून नाशिकच्या इंदिरानगरात जो कोणी तिकीट काढतो तो आधी पैसे भरतो आणि मग मला फोन करतो. प्रश्न ठरलेले असतात. "सकाळी नऊला निघालं तरी पोचू ना?" "गोळी घ्यायलाच हवी का?" "थोडा चिवडा नेला तर काय बिघडतं?" मी अर्धा तास घसा कोरडा करते, समोरची व्यक्ती हो हो म्हणते, आणि आठवड्याने परत आल्यावर नेमकं तेच घडल्याचं हसत हसत सांगते. म्हणून एकदाच लिहून टाकते. आता फोन आला की हेच हातात देणार.

आम्ही नऊ जण होतो. आई-अण्णा म्हणजे माझे सासू-सासरे, आम्ही चौघं, धाकटे दीर, जाऊ आणि त्यांचा मुलगा. 2024 चा जानेवारी. मुंबई–गोवा–मुंबई, तीन रात्री.

त्याच दिवशी सकाळी नाशिकहून निघणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही, आणि लोकांची सगळ्यांत लाडकी चूकही हीच.

दीरांचा हिशेब असा होता: बोट पाचची, मुंबई चार तास, नऊला निघालो तरी एकला पोचतो. एसटी असती तर हिशेब बरोबर होता. पण तिकिटावरचे पाच म्हणजे जहाज धक्का सोडण्याची वेळ. काउंटर त्याच्या बरंच आधी बंद होतं, कारण चढलेल्या प्रवाशांची पक्की यादी तयार झाल्याशिवाय जहाज हलत नाही. आमच्या कागदावर साडेतीन लिहिलं होतं, बारीक अक्षरात, दुसऱ्या पानावर. दुसरं पान माझ्याशिवाय कोणी उघडलं नव्हतं.

सहाला निघायचं ठरलं होतं. जाऊबाईंची इस्त्री सात वाजता सुरू झाली. पावणेनऊला टेम्पो ट्रॅव्हलर हलली आणि पाथर्डी फाट्याला थांबली, कारण रिकाम्या पोटी घाट कसा उतरायचा, मिसळ तर हवीच. त्यानंतर कसारा घाटात एक ट्रेलर आडवा. सव्वा तास आम्ही एकाच वळणावर एकच दरी बघत होतो. घाट सुटला तर पुढे भिवंडी बायपास. तिथे काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको.

खरी मजा तर मुंबईत पोचल्यावर. ड्रायव्हरदादांनी रस्त्यात कोणाला तरी "बोट कुठून सुटते?" असं विचारलं आणि थेट भाऊच्या धक्क्यावर आणून सोडलं. तीन वाजून पाच मिनिटं. मासळीचे ट्रक, बर्फाच्या लाद्या, मांडव्याच्या रो-रो बोटीसाठी लागलेली गाड्यांची रांग, आणि मधोमध आम्ही, गॉगल आणि फुलाफुलांचे शर्ट घालून. एका हमालाने वर-खाली बघितलं आणि म्हणाला, "ताई, ही अलिबागवाल्यांची बोट. मोठं जहाज बॅलार्ड पिअरला." पी. डिमेलो रोडवरून उलटं धावत तिथे पोचलो तेव्हा तीन पंचवीस झाले होते. पण आत बंदराचा परिसर, फाटकावर प्रत्येकाचं तिकीट आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय सोडत नाहीत. नऊ आधार कार्डं नऊ वेगवेगळ्या पर्समध्ये. अण्णांना व्हीलचेअरवर बसवून माझा नवरा जो पळाला, तसा तो लग्नातल्या वरातीतही कधी नाचलेला नाही. काउंटरवरची मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त घड्याळाकडे बघितलं.

आमच्या मागे आणखी दोनच माणसं होती.

तेव्हापासून माझा नियम एकच, आदल्या दिवशी मुंबई. मुलुंडला नणंदेच्या हॉलमध्ये गाद्या टाकून झोपायचं आणि सकाळी निवांत पोहे खाऊन निघायचं. ज्यांना मुंबईत कोणीच नाही त्यांनी पंचवटी एक्स्प्रेस पकडावी. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड, अकराच्या आसपास सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने दहा मिनिटं. पंचवटीला उशीर होतो हे मलाही माहीत आहे. तासभर उशीर झाला तरी हातात तीन तास राहतात, मिसळीसाठी थांबता येत नाही हा वरचा फायदा.

आता लोक मला समृद्धी ऐकवतात. 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी सरळ जाते, कसारा घाट लागतच नाही. सगळं खरं. पण आमणे म्हणजे भिवंडीजवळ, आणि पुढचं ठाणे-मुंबई सगळ्यांसाठी तेच आहे. घाट टळला, भिवंडी नाही टळली. नऊलाच निघायचं ठरवलेल्या माणसाला कुठलाही महामार्ग पुरत नाही.

आणि ड्रायव्हरला "बोट" हा शब्द सांगू नका. "बॅलार्ड पिअर, इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनल" एवढं कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा.

औषधं मोठ्या बॅगेत, आणि गोळी "लागली तर घेऊ"

टर्मिनलवर मोठ्या बॅगा आपल्याकडून घेतात, चिठ्ठी लावतात, एक्स-रेमधून पाठवतात आणि नंतर केबिनच्या दारात आणून ठेवतात. "नंतर" म्हणजे कधी ते कोणी सांगत नाही. आमच्या रात्री सव्वाआठला आल्या. त्यात अण्णांची ब्लडप्रेशरची आणि साखरेची गोळी, आईंची बोट लागू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि मुलांचे पोहायचे कपडे. मुलं तीन तास पूलच्या काठावर तोंड पाडून बसली, ते सोडा. अण्णांना जहाजावरच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं. तपासलं, गोळी दिली, पैसे केबिनच्या खात्यावर चढले. अण्णा मला एका शब्दानेही बोलले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं.

आता उलट्यांचं. आपल्याकडे सप्तशृंगीचा घाट चढताना ज्याला मळमळतं तो स्वतःला या विषयातला जाणकार समजतो. चूक. घाटात दरवेळी पिशवी धरून बसणारा माझा नवरा जहाजावर ठणठणीत होता, आणि "मला काही होत नाही" म्हणणारे दीर दोन रात्री बाथरूमच्या दाराशी. होतं असं की, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, हलतंय. डोळ्यांना मात्र केबिनच्या चार स्थिर भिंती दिसत असतात. दोघांचं जमत नाही आणि भांडण पोटात उतरतं. म्हणूनच केबिनमध्ये आडवं पडून मोबाइल बघणं हा सगळ्यांत वाईट उपाय, आणि प्रत्येक जण आधी तोच करतो.

त्यात दीरांनी केबिन घेतली सगळ्यांत वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला. व्ह्यूसाठी. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल पथकाचा ध्वज बघितलाय ना? काठी कमरेशी धरतात तिथे ती जेमतेम हलते, वरचा शेंडा मात्र हातभर डोलतो. जहाजाचंही तसंच. खाली आणि मधोमध हलणं कमी, वर आणि टोकाला जास्त. आई-अण्णांना मी खालच्या मजल्यावर, मधोमध, खिडकीची खोली घेतली होती, तेव्हा "वहिनींनी म्हाताऱ्यांना तळघरात टाकलं" अशी थट्टा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दीर त्याच तळघरातल्या सोफ्यावर झोपलेले सापडले.

गोळीबद्दल माझं मत पक्कं आहे. नाशिकमध्येच डॉक्टरांना विचारायचं, म्हाताऱ्या माणसांच्या आणि मुलांच्या बाबतीत तर नक्कीच, कारण यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते आणि बाकीच्या औषधांशी त्या जमतात का हे बघावं लागतं. आणि ती घ्यायची जहाज हलायच्या आधी. उलटी सुरू झाल्यावर गोळी घेणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडणं. पोटात टिकणारच नाही तर काम काय करणार? लिंबू हुंगा, मनगटाला पट्टे बांधा, बेंबीत हिंग भरा, माझी कशालाच हरकत नाही. फक्त ते "गोळीऐवजी" म्हणून करू नका. आलेपाक मी स्वतः जवळ ठेवते. मळमळायला लागलं की उघड्या डेकवर जायचं आणि लांब, जिथे पाणी संपून आकाश लागतं तिथे बघत उभं राहायचं. आईंना मी असं पाऊण तास उभं केलं. त्या तेवढ्यात रामरक्षा दोनदा म्हणून मोकळ्या झाल्या आणि खाली जाऊन वरण-भात जेवल्या.

पहिल्या संध्याकाळी बुफेवर तुटून पडू नका हेही इथेच सांगते. पैसे वसूल करायला तीन दिवस आहेत. पाणीपुरी, पनीर, पेस्ट्री आणि वर गुलाबजाम एवढं पोटात घेऊन जहाज बंदराबाहेर पडलं की काय होतं ते दीरांना विचारा.

सुरक्षा सरावाला दांडी

चढल्या चढल्या लाइफ जॅकेट, जमायची जागा वगैरे दाखवतात. त्याच वेळी अर्धे लोक रील काढत असतात. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आदळलं, 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तेव्हा झालेलाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यायचा असं ठरलं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, एवढं मुलांकडून पाठ करून घ्या. आमच्या पुतण्याने ते शिट्टीवर बसवलं आणि तीन दिवस डोकं उठवलं, पण विसरला नाही.

मोबाइल

किनारा लांब गेला की फोन जहाजाचं सॅटेलाइटवर चालणारं नेटवर्क पकडतो. ते आपल्या प्लॅनमधलं नसतं. चढताना फ्लाइट मोड, नेट हवंच असेल तर जहाजाचं वाय-फाय विकत घ्या. जाऊबाईंनी झोपायच्या आधी गोव्याच्या हॉटेलवाल्या मैत्रिणीला "फक्त पाच मिनिटं" फोन केला होता. बिल आल्यावर त्यांनी मैत्रीण बदलायची भाषा केली.

खाऊ आणि किटली

बाहेरचं खाणं बहुतेक जहाजांवर चालत नाही. आईंच्या भाजणीच्या चकल्यांचा डबा एक्स-रेवर निघाला, आणि रांगेतल्या पंधरा अनोळखी माणसांनी तिथेच उभ्या उभ्या संपवला. आई खूश, मी रांगेत शेवटी. किटली, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको. भर समुद्रात जहाजवाले आगीला जेवढे घाबरतात तेवढे वादळालाही घाबरत नसतील. जाऊबाईंची ती सात वाजताची इस्त्री तर बॅगेतूनच काढून ठेवली, परत येईपर्यंत मिळाली नाही.

बाकीचं पटकन

जाहिरातीतला दर म्हणजे अंतिम दर नव्हे. पोर्ट चार्जेस, सर्व्हिस चार्ज, जीएसटी मिळवून माणशी किती पडतात ते विचारूनच होकार द्या.

जहाजावर रोख चालत नाही, केबिनचं कार्ड चालतं. मुलांचं कार्ड स्वतःजवळ ठेवा. गेम झोनमध्ये पोरं ते खेळण्यातलं समजून टॅप करत सुटतात.

गोव्यात जहाज मुरगावला, म्हणजे वास्कोला लागतं. तिथून बागा-कळंगुट गाठून परतायचा बेत करणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. आम्ही बोगमाळोला गेलो, जवळ आहे, पाय भिजवले, परत आलो.

लक्षद्वीपची फेरी घेणार असाल तर प्रवेश परवाना लागतो. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा, "बाळासाहेब" चालणार नाहीत.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर क्रूझ शोधू नका. 1 जून ते 31 जुलै कोळी लोकही ट्रॉलर बाहेर काढत नाहीत.

शेवटच्या रात्रीची बॅग

उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या परस्पर खाली जातात आणि टर्मिनलवर मिळतात. सकाळचे कपडे, चष्मा, कवळी, औषधं आणि आधार कार्ड आधीच वेगळं काढायचं. मी हे सगळ्यांना जेवताना सांगितलं होतं. दीर तेव्हा कुठे नीट जेवायला लागले होते, त्यांचं लक्ष ताटात होतं. रात्री अकराला त्यांनी व्यवस्थित घड्या घालून सगळं बॅगेत भरलं आणि बॅग बाहेर ठेवून दिली. सकाळी बॅलार्ड पिअरच्या जिन्यावरून ते चट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात आणि जहाजाच्या पांढऱ्या सपातांत उतरले. टर्मिनलवर बॅग मिळाली, पण कुलपाची किल्ली आत ठेवलेल्या पँटच्या खिशात होती. परतीच्या वाटेवर शहापूरला चहाला थांबलो तेव्हाही ते त्याच वेशात होते, आणि कोणी विचारलं की "क्रूझवरून आलोय" असं मान ताठ करून सांगत होते.