बॅटरीवरच्या सेन्सर नोडची घड्याळं कशी जुळवावीत

802.15.4 (कमी विजेवर चालणाऱ्या रेडिओचं मानक) रेडिओच्या नेटवर्कमध्ये नोड झोपतात आणि ठरलेल्या स्लॉटला, म्हणजे ठरलेल्या वेळेला, ऐकायला उठतात. तिथे बॅटरी खाल्ली जाते ती बहुतेक करून पॅकेटची वाट बघत रिसीव्हर चालू ठेवण्यात. 32.768 किलोहर्ट्झचे, ±20 पीपीएमचे (दहा लाखांत 20 भाग चूक असलेले) दोन घड्याळाचे क्रिस्टल उलट दिशांना सरकले, तर मिनिटाला 2.4 मिलिसेकंद फरक पडतो. म्हणजे दर मिनिटाला वेळ जुळवूनही प्रत्येक स्लॉटला, मागेपुढे धरून, 4.8 मिलिसेकंद ऐकत बसावं लागतं. सीसी2420 ही रेडिओ चिप ऐकताना 18.8 मिलिअँप घेतो. सेकंदाला एक स्लॉट असेल आणि पॅकेट येत नसेल, तर सरासरी 90 मायक्रोअँप नुसते ऐकण्यात गेले! म्हणून बीकन (वेळ जुळवायला पाठवलेली पॅकेटं) वाढवू नका, घड्याळ किती वेगाने सरकतंय ते मोजा.

त्याआधी टाइमस्टँप, म्हणजे पॅकेट गेल्याची-आल्याची वेळ, नीट घ्या. अ‍ॅप्लिकेशनमध्ये वेळ वाचून पॅकेटमध्ये भरली, तर चॅनल मिळेपर्यंतचा बॅकऑफ (पाठवण्याआधी थांबण्याचा यादृच्छिक वेळ) मध्ये येतो. पहिल्याच फेरीत तो 0 ते 7 एककांचा असतो आणि एक एकक 320 मायक्रोसेकंदांचं, म्हणजे 2.24 मिलिसेकंदांपर्यंतची चूक. रेडिओची एसएफडी पिन (पॅकेटची सुरुवात झाल्याची खूण देणारी) टायमरच्या कॅप्चर इनपुटला (खूण येताच वेळ नोंदवणाऱ्या) जोडा आणि दोन्ही नोडवर तोच क्षण पकडा. सीसी2420 वर पॅकेट हवेत असतानाच त्याच्या शेवटी ही वेळ लिहिता येते. ज्या चिपवर ते जमत नाही, तिथे ती पुढच्या बीकनमधून पाठवा.

आता शेवटच्या 8 बीकनच्या जोड्या ठेवा: स्थानिक वेळ, आणि मूळ नोडच्या (ज्याच्या वेळेला बाकीचे जुळतात त्याच्या) वेळेतून ती वजा करून आलेला फरक. त्यांतून सरळ रेषा बसवा; तिचा उतार म्हणजेच घड्याळ सरकण्याचा वेग. 2004 च्या एफटीएसपी या वेळ जुळवण्याच्या प्रोटोकॉलची हीच पद्धत. गणिताआधी स्थानिक वेळेतून तिची सरासरी वजा करायला विसरू नका. 32 बिटी फ्लोटमध्ये (दशांश संख्येच्या प्रकारात) 512 सेकंदांपलीकडचा प्रत्येक टिक (क्रिस्टलचा एक ठोका) नेमका मावत नाही, आणि उतार उगाच थरथरतो. स्थानिक काउंटरला हात लावू नका. वेळ फक्त रूपांतरित करा, नाहीतर लावलेले अलार्म चुकतात.

उरलेली चूक 2 पीपीएमवर आली, की 5 मिनिटांत फरक ±0.6 मिलिसेकंद. बीकन एक पंचमांश, ऐकण्याची खिडकी एक चतुर्थांश.

हा हिशेब मोडतो तो उन्हात. या क्रिस्टलचा वेग 25 अंशांपासून दूर जाताना फरकाच्या वर्गाने घटतो: दर अंशवर्गाला सुमारे 0.034 पीपीएम. उन्हातल्या डब्यात 55 अंश झाले, तर 30 पीपीएम मागे. 25 च्या आसपास 5 अंशांनी 1 पीपीएमही हलत नाही, पण 55 पाशी एकेका अंशाला 2 पीपीएम जातात. सावलीतला आणि उन्हातला नोड एकमेकांशी बोलत असतील, तर आधी तापमानाची दुरुस्ती करा, मग रेषा बसवा. डबा झपाट्याने तापत असेल तेवढ्यापुरते बीकन वाढवा.

आणखी एक चूक टेबलावर रात्रभर चालवून सापडत नाही. 32 बिटी टिक काउंटर 36 तास 24 मिनिटांनी शून्यावर येतो. 64 बिट वापरा, किंवा चाचणीत काउंटर शेवटाच्या थोडा अलीकडून सुरू करा.

तपासायला दोन्ही नोडवर जुळवलेल्या वेळेच्या प्रत्येक सेकंदाला एक पिन उंच करा, लॉजिक अ‍ॅनालायझर (पिन कधी बदलली ते दाखवणारं उपकरण) लावा आणि एका नोडवर हेअर ड्रायर धरा. एक टिक 30.5 मायक्रोसेकंदांचा, तेवढी थरथर राहणारच. पण फरक एकाच दिशेने वाढत गेला, तर तापमानाची दुरुस्ती कमी पडतेय.