सिबिल रिपोर्ट : आकडा नंतर, आधी खाती वाचा

‘सिबिल किती आहे?’ हा प्रश्न कर्जाच्या टेबलावर आता नाव-गाव विचारावं इतक्या सहज येतो. मग आपण मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपवरचा तीन आकडी स्कोअर दाखवतो. पण कर्ज अडतं ते बऱ्याचदा त्या आकड्यामागच्या एखाद्या ओळीपाशी. फेडून झालेलं पण कागदावर चालूच असलेलं खातं, विसरलेलं क्रेडिट कार्ड, कुणासाठी तरी राहिलेला जामीन. या ओळी पूर्ण रिपोर्टातच सापडतात.

सिबिल हे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या एका कंपनीचं नाव. देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. या प्रत्येक कंपनीने दर वर्षी एक पूर्ण रिपोर्ट, स्कोअरसकट, फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वर्ष धरायचं जानेवारी ते डिसेंबर. चारही एकदम मागवू नका. तीन-तीन महिन्यांनी एकेक मागवलात तर वर्षभर लक्ष राहतं. घरकर्जाचा अर्ज तीन-चार महिन्यांवर आला असेल तर मात्र निदान दोन ठिकाणचे लगेच काढा, कारण चूक निघाली तर दुरुस्तीत महिना सहज जातो.

रिपोर्ट कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. फुकट स्कोअर दाखवणाऱ्या ॲपवर आपण कसकशाला संमती देतो हे वाचायचं राहून जातं आणि मग कर्ज हवंय का म्हणून फोन सुरू होतात. संकेतस्थळावर पॅनवरचं नाव, जन्मतारीख, पिनकोड, ईमेल आणि मोबाइल नंबर भरायचा, ओटीपी टाकायचा. मध्येच पैसे भरून घ्यायच्या योजनांचं पान समोर येतं. तिथे घाई करू नका; फुकट रिपोर्टाकडे नेणारा दुवा त्याच पानावर बारीक अक्षरात असतो. रिपोर्ट पीडीएफ स्वरूपात उतरवून ठेवा. त्यावरचा कंट्रोल नंबर (काही कंपन्यांकडे त्याला वेगळं नाव असतं) पुढे तक्रारीत लागतो. आणि हो, स्वतःचा रिपोर्ट स्वतः कितीही वेळा पाहिला तरी स्कोअर घटत नाही.

ओळख पटत नाही असा संदेश आला तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: बँकेकडे तुमचा जुना नंबर आहे किंवा नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं आहे. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, आडनाव कधी आधी कधी शेवटी. लग्नानंतर बदललेलं नाव पॅनवर एक आणि कर्जखात्यावर दुसरं. शाखेत जाऊन मोबाइल नंबर आणि नाव पॅनप्रमाणे करून घ्या. थांबायला वेळ नसेल तर कंपनीकडे ओळखपत्र आणि पत्त्याच्या पुराव्याच्या प्रतींसह लेखी अर्ज करता येतो.

आता वाचन. पहिलं पान वैयक्तिक माहितीचं. कधीही न राहिलेला पत्ता, अनोळखी मोबाइल नंबर किंवा दुसराच पॅन दिसला तर दुसऱ्या कुणाची माहिती तुमच्या नावात मिसळलेली असू शकते. महाराष्ट्रात शाळेत घालताना लावलेली 1 जून ही जन्मतारीख लाखो लोकांची आहे. त्यात आडनाव पाटील किंवा जाधव असेल, तर हे पान दोनदा वाचा.

खरा मजकूर खात्यांच्या भागात. प्रत्येक खात्यासाठी सहा गोष्टी बघायच्या: कर्ज देणारा कोण, खात्यावर तुमची भूमिका काय, उघडल्याची आणि बंद झाल्याची तारीख, शिल्लक रक्कम, थकीत रक्कम, आणि माहिती शेवटची कधी कळवली. भूमिकेच्या रकान्यात ‘गॅरंटर’ दिसलं तर तो तुमचा जामीन. मित्राच्या ट्रॅक्टरचे हप्ते थकले की ते तुमच्याही रिपोर्टात उतरू शकतात. पतसंस्थेचं कर्ज मात्र इथे बहुधा दिसणार नाही. ते नाही म्हणून निश्चिंत होऊ नका आणि घाबरूही नका.

त्याखाली महिन्यांचा तक्ता असतो, साधारण 36 महिन्यांचा. त्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा होता ते त्यात लिहिलेलं असतं. 000 किंवा ‘एसटीडी’ (स्टँडर्ड) म्हणजे सारं ठीक. 030 म्हणजे तीस दिवस उशीर. तीन एक्स दिसले तर त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही. तो तुमचा दोष नाही. 90 च्या पुढे गेलं की बँकेच्या हिशेबी खातं बुडीतकडे झुकलं.

एक नमुना बघू. दुचाकीचं कर्ज, शेवटचा हप्ता भरला, एनओसी (कर्ज फिटल्याचं ना-हरकत पत्र) घरात आहे. रिपोर्टात बंद झाल्याची तारीख कोरी, शिल्लक 590, तक्त्यात दर महिन्याला आकडा चढत चाललेला: 030, 060, 090. हे 590 कुठून आले? एखादा हप्ता परत गेल्याचा 500 रुपये दंड आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. कर्ज फिटलं तरी दंड राहिला, खातं बंदच झालं नाही. न वापरलेल्या क्रेडिट कार्डाच्या वार्षिक शुल्काचंही असंच होतं. अशा वेळी भांडत बसण्याआधी खातेउतारा मागवा. रक्कम खरी असेल तर भरून पावती आणि खातं बंद झाल्याचं पत्र घ्या. चुकीची असेल तर लेखी नाकारा.

‘सेटल्ड’ आणि ‘क्लोज्ड’ यांतला फरक फार महाग पडतो. वसुलीवाला म्हणतो, निम्मे भरा, विषय संपला. विषय संपतो, पण खात्यावर ‘सेटल्ड’ उमटतं आणि पुढची बँक त्याचा अर्थ ‘पूर्ण फेडलं नाही’ असाच घेते. ऐपत असेल तर उरलेली रक्कम भरावी, पण खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवू असं बँकेकडून आधी लेखी घ्यावं.

शेवटचा भाग चौकशांचा: कुणी, कधी, कशासाठी तुमचा रिपोर्ट पाहिला. तुम्ही अर्जच केला नव्हता अशा संस्थेचं नाव दिसलं, तर कुणीतरी तुमचा पॅन वापरलेला असू शकतो. त्या संस्थेला लगेच लेखी कळवा. कर्ज खरंच उचललं गेलं असेल तर सायबर हेल्पलाइन 1930 वर तक्रार करा.

चूक सापडल्यावर कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार फुकट नोंदवता येते: कंट्रोल नंबर, चुकीचा रकाना, योग्य माहिती. पण कंपनी स्वतःच्या मनाने काही बदलत नाही. ती कर्ज देणाऱ्याला विचारते, आणि त्याने हो म्हटलं तरच दुरुस्ती होते. म्हणून त्याच दिवशी बँकेलाही एनओसी, पावती आणि रिपोर्टाचं ते पान जोडून ईमेल करा. ‘माझा सिबिल खराब दाखवतोय’ अशी मोघम तक्रार परत येते. खातं क्रमांक, महिना आणि आकडा लिहा.

कंपनी आणि बँक मिळून 30 दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्यांतले 21 दिवस बँकेचे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. एप्रिल 2024 पासूनचा हा नियम अजून पुष्कळांना ठाऊक नाही. तक्रार नोंदवल्याचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. 30 दिवस उलटले किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर विनाशुल्क जाता येतं. पैसे घेऊन ‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणारा एजंट यापेक्षा वेगळं काहीच करू शकत नाही.

दुरुस्ती झाल्याचा ईमेल आला की दोन-तीन आठवडे जाऊ द्या. जानेवारी 2025 पासून बँकांकडून या कंपन्यांना माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याला जाऊ लागली, त्यामुळे पूर्वीइतकं ताटकळावं लागत नाही. मग दुसऱ्या कंपनीचा रिपोर्ट काढा. बँकेने दुरुस्ती चारही ठिकाणी पाठवायला हवी. एखाद्या ठिकाणी जुनीच ओळ तशीच राहिलेली असेल तर तिथे वेगळी तक्रार करावी लागते. सुरुवातीला सगळे फुकट रिपोर्ट एकदम संपवू नका म्हटलं ते यासाठीही.