पाणी कमी वेळा, पण खोल: ठाणे-नवी मुंबईतील घरच्या लॉनसाठी उन्हाळी सल्ला

एप्रिल लागला की घरची हिरवळ सांभाळणाऱ्यांची एकच तक्रार कानावर येते. रोज संध्याकाळी पाइप धरतो, तरी गवत पिवळे पडते आहे. बहुतेक ठिकाणी खोट त्या रोजच्या पाइपातच असते. पाच-दहा मिनिटे शिंपडलेले पाणी वरच्या बोटभर मातीतच राहते. मुळे जिथे ओल तिथेच थांबतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो वरचा थर तापून सुकला की गवताकडे खाली काही शिल्लक नसते.

आपल्याकडची लॉनची गवते मुळातच उष्ण हवेची आहेत. हरळी, नर्सरीत सिलेक्शन वन म्हणून मिळणारी तिची बारीक पानांची जात, मेक्सिकन, कोरियन, सगळी साधारण 27 ते 35 अंशांत जोमाने वाढतात. म्हणजे ठाण्याचा एप्रिल-मे हा त्यांच्यासाठी वाढीचा काळ आहे, फक्त मुळाशी ओल हवी. थंड देशांतले व्हिडिओ पाहून 'उन्हाळ्यात लॉनला हात लावू नका' असा सल्ला इथे पाळू नये. उलट जी दुरुस्ती करायची ती मेअखेरपर्यंत उरका. मोसमी पाऊस मुंबई परिसरात साधारण 11 जूनच्या सुमारास पोहोचतो. त्यानंतर ढगाळ हवा आणि साचलेले पाणी यांत उघड्या जागेवर गवत धरणे फार कठीण जाते.

पाणी: किती, कधी, कसले

भर उन्हाळ्यात जमिनीवरच्या लॉनला आठवड्याला सुमारे 25 मिलिमीटर पाणी लागते. 100 चौरस फुटांसाठी हे झाले अंदाजे 230 लिटर. नेरूळ किंवा वाशीच्या एखाद्या रो-हाउससमोर 300 चौरस फूट हिरवळ असेल तर आठवड्याला 700 लिटर धरा आणि ते दोन हप्त्यांत द्या, दर वेळी 350. हिशेब सोपा आहे. पाइपाखाली 20 लिटरची बादली ठेवून ती किती वेळात भरते ते पाहा. एका मिनिटात भरली, तर साडेसतरा मिनिटांत एक हप्ता पुरा होतो. स्प्रिंकलर असेल तर लॉनवर चार-पाच सपाट बुडाच्या वाट्या मांडून त्यांत किती पाणी जमते ते मोजा. एका कोपऱ्यातली वाटी भरलेली आणि दुसरीत जेमतेम बूड ओले, असे हमखास दिसते.

भरावाच्या चिकट जमिनीत एवढे पाणी एका दमात मुरत नाही, पेव्हर ब्लॉकवरून गटारात जाते. तिथे सहा-सहा मिनिटांच्या तीन फेऱ्या करा आणि मध्ये अर्धा तास थांबा. नंतर लांब स्क्रू-ड्रायव्हर जमिनीत खुपसून पाहा. चार ते सहा इंच सहज गेला तर पाणी पोहोचले. दोन इंचांवर अडला तर आणखी एक फेरी द्या.

वेळ पहाटेची, फार तर सकाळी आठपर्यंत. दुपारी खाडीकडून वारा सुटतो आणि फवाऱ्याचे अर्धे पाणी शेजारच्यांच्या गाडीवर जाते. संध्याकाळचे पाणी पात्यांवर रात्रभर राहते. आपल्याकडे हवा आधीच दमट, त्यात बुरशीला वेगळे आमंत्रण नको. पुढचे पाणी कधी द्यायचे हे वार बघून ठरवण्यापेक्षा गवताकडे बघून ठरवा. पात्यांवर निळसर-राखाडी छटा आली किंवा चालून गेल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहिले, की दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी द्यावे.

पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या, लॉनला मात्र हा खोल पाण्याचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. घोडबंदर रोडवरच्या संकुलांत स्लॅबवर सहा-नऊ इंच माती असते आणि खालून स्लॅब तापलेला. तिथे जास्त दिलेले पाणी खालच्या निचऱ्याच्या थरातून सरळ निघून जाते. म्हणून कमी पाणी, एक दिवसाआड. माती वाढवून हा प्रश्न सोडवण्याचा विचार स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय मनातही आणू नका, कारण 20 सेंटिमीटर ओल्या मातीचे वजन चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या घरात जाते.

आता पाण्याच्या प्रतीबद्दल, कारण इथे खरे नुकसान होते. मोरबे, भातसा किंवा बारवी धरणाचे नळाचे पाणी मऊ आहे, त्याने लॉन बिघडत नाही. पण मे महिन्यात कपात लागली की पिण्याचे पाणी बागेला घालणे बरोबर नाही. मग लोक बोअर आणि टँकरकडे वळतात. खाडीलगतच्या भागांत बोअरचे पाणी खारट निघू शकते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर फार महाग नसतो, तो लावून बघा. आकडा 450च्या आत असेल तर निश्चिंत राहा. त्यापुढे 2000पर्यंत जपून, अधूनमधून गोड पाणी देत वापरा. 2000च्या वर गेला तर ते पाणी लॉनला नकोच. मातीवर पांढरट पापुद्रा येणे आणि पात्यांची टोके करपणे ही खारटपणाची खूण. अशा वेळी खत घालून काही साधत नाही, एकदा भरपूर गोडे पाणी देऊन क्षार खाली धुऊन काढावे लागतात आणि त्यासाठी निचरा चांगला हवा. बेलापूर, उलवे, द्रोणागिरीकडे जमीनच खारी असेल तर मेक्सिकनचा हट्ट सोडून हरळी किंवा पास्पालम लावा, ही दोन्ही क्षार बरेच सोसतात. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे. मोठी जागा असेल तर माती तपासूनच खर्चात पडा.

सोसायटीच्या एसटीपीचे, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचे, पाणी चालते. मात्र ते फवाऱ्याने न उडवता पाइपाने मुळाशी द्यावे आणि मुलांना त्या दिवशी लॉनवर खेळू देऊ नये. नळाच्या पाण्यावर चालणाऱ्या आरओचे टाकाऊ पाणी आणि तांदूळ-डाळ धुतलेले पाणी बिनधास्त घाला. वॉशिंग मशीनचे नको, साबणातल्या सोडियमने माती घट्ट बसते.

पाणी अगदीच तुटले तर काय? दोन-तीन आठवड्यांतून एकदा 10-12 मिलिमीटर पाणी मिळाले तरी हरळीचे जमिनीतले कांड जगते. वरून गवत तपकिरी दिसेल, दिसू द्या. अशा लॉनवर चालणे, कापणी आणि खत तिन्ही बंद ठेवा. मेक्सिकनही तग धरते, पण सावरायला तिला बराच वेळ लागतो.

कापणी

उन्हाळ्यात उंची वाढवा. हरळी एरवी इंचभर ठेवत असाल तर एप्रिल-मेमध्ये दीड इंच ठेवा. एका वेळी पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापायचा नाही. सोसायट्यांमध्ये कंत्राटी माणूस महिन्यातून एकदा ब्रश कटर घेऊन येतो आणि लॉन खरवडून जातो. पांढरे कांड उघडे पडले की तीन दिवसांत ते उन्हात भाजते, आणि मग कमिटीच्या बैठकीत खताला दोष दिला जातो. ब्रश कटर कडेला आणि उतारावर वापरा, मधल्या लॉनसाठी मूवरच हवा, पाती धारदार. बोथट पात्याने टोके फाटतात आणि दुसऱ्या दिवशी सगळी हिरवळ पांढुरकी दिसते. बारीक कापलेले गवत तिथेच पडू द्या, त्याचे खत होते.

खत

येथे हात आखडता घ्यावा. मार्चअखेर एकदा आणि मेच्या मध्यावर एकदा, 100 चौरस फुटांना 50 ग्रॅम युरिया पुरतो. तो बारीक रेतीत किंवा गांडूळ खतात मिसळून फेका, म्हणजे एकसारखा पडतो. पाती कोरडी असताना टाका आणि लगेच भरपूर पाणी द्या. ओल्या पात्यांवर दाणे चिकटून राहिले तर ठिपक्या-ठिपक्यांनी गवत जळते. पाण्याची खात्री नसेल तर मेचा हप्ता गाळा. नवी पाती पिवळी पण शिरा हिरव्या दिसत असतील तर नत्राऐवजी लोह कमी पडले आहे. मग लिटरमागे 3 ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन संध्याकाळी फवारा. फरशी, कोटा आणि पेव्हर ब्लॉक आधी झाकायला विसरू नका, तांबडे डाग जन्मभर जात नाहीत.

मे महिन्यातली दुरुस्ती

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत मोलाचे काम हे, आणि सर्वांत जास्त टाळले जाणारेही हेच. ये-जा करून टणक झालेल्या जागी आदल्या दिवशी पाणी द्या. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी झाली, की चार दातांच्या काट्याने तीन-चार इंच खोल भोके पाडा, भोकांत वीतभर अंतर ठेवा. काटा आत गेल्यावर किंचित मागे रेटायचा, म्हणजे घट्ट थर मोकळा होतो. नंतर दोन भाग चाळलेली माती किंवा धुतलेली रेती आणि एक भाग चांगले कुजलेले गांडूळ खत असे मिश्रण पसरा. थर अर्धा सेंटिमीटर, त्याहून जाड नको. 100 चौरस फुटांना साधारण 45 लिटर मिश्रण लागते. खराट्याने ते भोकांत लोटा, गवताची टोके वर दिसली पाहिजेत. खाडीची रेती न धुता कधीच वापरू नये. अर्धवट कुजलेले शेणखतही नको, त्यातून तणाचे बी आणि हुमणी (मुळे खाणारी अळी) दोन्ही घरपोच येतात.

रिकाम्या ठिगळांवर आपल्याच लॉनच्या कडेचे कांड खणून तीन-चार इंचांवर टोचा. विकतची गवताची चटई आणणार असाल तर ती उलटून खालची माती बघा. खाली चिकणमातीचा जाड थर असेल आणि आपली जमीन मुरमाड असेल, तर दोन्हींच्या सांध्यावर पाणी अडते आणि मुळे खाली उतरत नाहीत. तो थर शक्य तेवढा झटकून मगच बसवा, वरून पाटा फिरवा. पहिले दहा दिवस मात्र रोज पाणी, इथे वरचा नियम बाजूला ठेवायचा.

नवे लॉन कुठे लावायचे हे मेचे ऊन बघून ठरवू नका. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे इमारतीच्या उत्तरेची पट्टी आता लख्ख उन्हात दिसते आणि दिवाळीनंतर दिवसभर सावलीत जाते. हरळीला पाच-सहा तास थेट ऊन लागते. ते नसेल तर तिथे रुंद पानांचे सावली सोसणारे गवत लावा, नाहीतर सरळ फरशी आणि कुंड्या.

लव्हाळा हे तण याच महिन्यात खणा. वरून उपटला तर गाठी मातीत राहतात आणि पावसात दामदुप्पट होऊन उगवतात. खुरप्याने गाठीसकट काढून कचऱ्याच्या गाडीत द्या, कंपोस्टमध्ये टाकू नका. पहिल्या वळवाच्या सरीनंतर संध्याकाळी कडुलिंबावर, बोरीवर भुंगेरे जमलेले दिसले तर ते हुमणीचे असू शकतात. रात्री फांद्या हलवून खाली पाडा आणि साबणाच्या पाण्यात टाका. मादीने अंडी घातल्यावर ऑगस्टमध्ये गवत चटईसारखे उचलून येते, तेव्हा इलाज अवघड होतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात घराकडून बाहेरच्या बाजूला उतार आहे का ते पाहा. 10 फुटांत दीड-दोन इंच पुरेसा. डाऊनटेकचे (गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपाचे) पाणी लॉनवर पडत असेल तर तोंड वळवून घ्या. युरिया आता बंद, पहिल्या मुसळधार पावसात तो सगळा वाहून नाल्यात जातो. पाऊस सुरू झाल्यावर दोन तासांहून जास्त वेळ जिथे पाणी थांबते तिथे खुंट्या ठोकून ठेवा. खणाखणी लगेच नको, नुसता चिखल होईल. ती कामे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर काढावीत.